ओला पंचा

माझे वडील अकोल्याला बर्फाच्या कारखान्यात लोखंडी आकड्यानं लाद्या ओढायचे. उन्हाळ्यात गावाला बर्फ लागतो, म्हणून उन्हाळ्यात आमच्या घरी दोन्ही वेळची भाकरी असायची. पाऊस लागला की मालक निम्मी माणसं कमी करायचा आणि त्या निम्म्यांत वडील हमखास असायचे. आभाळ भरून आलं की शेजारीपाजारी हरखायचे आणि माझी आई पिठाचा डबा हलवून बघायची. लाद्यांच्या गारठ्यानं वडिलांची बोटं अशी बधिर झाली होती की शर्टाची बटणं आई लावून द्यायची. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळतंय आणि आत माणसाचे हात थंडीनं कामातून जातायत, हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. मला कधी वाटली नाही.

मी थोरली. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली. सरकारी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शिष्यवृत्ती घेऊन एम.एस. करायला टेक्सासला आले. निघताना वडील म्हणाले, "तिकडं ऊन असते म्हणे अकोल्यासारखं. मंग तुले काय जड जाणार नाही." ऊन जड गेलं नाही. जड गेलं ते वेगळंच, आणि त्यातलं बरंचसं एका माणसाच्या नावावर आहे. ते नाव मी लिहिणार नाही. त्यांची बायको अजून आहे आणि तिच्या हातचं मी जेवले आहे.

ह्यूस्टनजवळ शुगर लँडला त्यांचं घर होतं. ते तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होते, मूळचे पुण्याचे. गराजच्या वर त्यांची एक खोली रिकामी पडलेली, त्यांच्या बायकोला, काकूंना, स्वयंपाकात हात हवा होता आणि त्यांच्या मुलीला गणित शिकवायला कोणीतरी. "आमच्याकडेच राहा, घरच्यासारखी," असं ठरलं. 'सारखी' हा शब्द किती अंतर राखून असतो ते मला त्या घरात कळलं.

पहिल्या दिवशी बॅग खाली ठेवून मी म्हटलं, "नमस्कार काका." तिथली सगळी मराठी पोरं त्यांना काकाच म्हणायची.

"बस," ते म्हणाले. "आडनाव काय म्हणालीस?"

सांगितलं.

"गाव?"

"अकोला."

"वडील काय करतात?"

"बर्फाच्या कारखान्यात आहेत."

"मॅनेजर?"

"नाही. लाद्या ओढतात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अस्सं. छान, छान. कौतुक आहे." मग चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, "तू मला सर म्हणत जा. ते बरं."

काकूंनी चहाचा कप माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवला. त्या आवाजात त्यांना जे म्हणायचं होतं ते आलं. मी सर म्हणायला लागले. आजही म्हणते.

"मला माहीत नाही" हे वाक्य सरांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वस्तू कुठलीही असो, ते आधी तिच्यावर दोन बोटं ठेवायचे, वैद्य नाडीवर ठेवतो तशी. डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "सिम्पल आहे." टोस्टर बिघडला तेव्हा त्यांनी त्याला ओलावा बाधल्याचं सांगितलं आणि तो अंगणात उन्हात ठेवला. शेजारचा अमेरिकन म्हातारा कुंपणावरून त्या टोस्टरकडे बराच वेळ बघत होता. शेवटी काकूंनी नवा आणला. सरांनी जुना फेकू दिला नाही. तो बरा होतोय असं ते सांगायचे.

"हे अमेरिकन लोक पार्ट बदलतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. "पार्ट कोणीही बदलेल. आपण मुळाशी जातो. आपण कारण शोधतो."

आणि या सगळ्या कारणशोधनाचं मुख्य पीठ म्हणजे त्यांची गाडी.

गाडी म्हणजे एक लांबलचक तपकिरी स्टेशन वॅगन होती. दोन्ही बाजूंना लाकडाचा भास होणारा कागद चिकटवलेला, तो उन्हानं सुटून फडफडायचा. आत आठ माणसं बसायची आणि बॉनेटखाली आणखी दोन मावली असती. मुलीच्या जन्माच्या वेळी जुनीच घेतलेली. सर तिला 'ही' म्हणायचे. "हिला आज बाहेर काढायला नको," किंवा "ही जरा नाराज आहे." काकूंबद्दल बोलताना ते कधी 'ही' म्हणत नसत. नावानं हाक मारत, तीही लांबून.

गाडीचा रोग असा. सकाळी चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. हिवाळ्यात तर कधी तक्रारच नाही. पण उन्हाळ्यात दुपारी चांगली लांब चालवून आणली, कुठे बंद केली आणि लगेच पुन्हा चालू करायला गेलं की मेली. त्यातही दर वेळी नाही. कधी किराणा दुकानासमोर, कधी देवळाच्या पार्किंगमध्ये, कधी मुलीच्या शाळेपुढे सगळ्या आयांच्या रांगेत. चावी फिरवायची, आतून एक 'टक' असा आवाज यायचा, आणि पुढे शांतता.

सरांचं निदान कधीचंच झालेलं होतं. "हिला उष्णता झालीय."

हे मी विनोदानं लिहीत नाही, तेही विनोदानं म्हणत नसत. आपल्याकडे तोंड आलं, डोळे जळजळले की म्हणतात ना, तसं. त्यांच्या मते गाडीची प्रकृतीच पित्ताची होती. शास्त्रीय भाषेत सांगायचं तर इंजिनाच्या तापानं पेट्रोलच्या नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफ ओढू शकत नाही आणि इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. पुण्याहून महाबळेश्वरला जाताना घाटात त्यांच्या वडिलांच्या छोट्या गाडीला हेच व्हायचं, आणि वडील इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचे. आपल्याकडे त्या काळी ज्याच्याकडे म्हणून गाडी होती त्याला हा उपाय ठाऊक होता. सरांनी तो पंचासकट अमेरिकेत आणला होता.

पंचा गाडीच्या पुढच्या खणातच असायचा, घडी घालून. मागच्या सीटखाली दुधाची रिकामी गॅलनची बाटली पाण्यानं भरून. गाडी मेली की सर सावकाश उतरायचे, बॉनेट उघडायचे, तळवा हवेत धरून ताप बघायचे. पंचा भिजवून, पिळून, पंपावर गुंडाळायचा. मग थर्मासमधला चहा. नियम एकच होता: पंचा वाळेपर्यंत चावीला हात लावायचा नाही.

ह्यूस्टनच्या दमट हवेत पंचा वाळायला किती वेळ लागतो ते विचारू नका.

मुलगी खिडकीची काच खाली करून म्हणायची, "डॅड, शी डझन्ट हॅव अ फीवर. इट्स अ कार."

"मराठीत बोल."

"गाडीला ताप नाहीये, डॅड. लोक बघतायत."

"बघू दे. शिकतील काहीतरी."

पंचा वाळला की सर बसायचे, चावी फिरवायचे, गाडी झटकन चालू व्हायची. दर वेळी. ते आरशातून आमच्याकडे बघायचे. उपाय लागू पडला होता, म्हणजे निदान बरोबर होतं. मराठी मंडळात तर त्यांचा पंचा प्रसिद्ध होता. उन्हाळ्यात कोणाची गाडी अडली की काकांना फोन जायचा.

मी इलेक्ट्रिकलची. पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पेट्रोल मिळालं नाही तर इंजिन पेटत नाही, पण फिरतं तरी. घर्र घर्र करत राहतं. ही गाडी तर घर्रसुद्धा करत नव्हती. नुसतं 'टक'. म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी जी मोटर असते, स्टार्टर, तीच हलत नव्हती. पेट्रोलचा विषय त्याच्या पुढचा. जो माणूस अंथरुणातून उठलाच नाही, तो उपाशी आहे की जेवलाय हे विचारण्यात काय अर्थ?

एकदा भीत भीत बोलले. "सर, मला वाटतं हे इलेक्ट्रिकल असावं."

"तुझं इलेक्ट्रिकल ना? मग तुला सगळं इलेक्ट्रिकलच दिसणार." ते हसले. "बॉनेटखाली बायकांनी फार डोकं घालू नये. ओढणी अडकते."

ओढणी मी घालत नव्हते. पण ते जाऊ दे.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगायला हवं. त्याच वर्षी मला सणकून ताप आला. काकू कामावर, मुलगी शाळेत. सर त्या दिवशी घरी होते. ते गराजवरच्या खोलीत आले, दारात थबकले, मग खुर्ची ओढून बसले आणि दुपारभर माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत राहिले. पट्टी गरम झाली की बदलायची, पुन्हा भिजवायची. पट्टीला पेट्रोलचा वास येत होता. गाडीतलाच पंचा होता तो. संध्याकाळी ताप उतरला तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "सिम्पल होतं." त्या माणसाविषयी मी पूर्ण कडू होऊ शकत नाही, ते त्या दुपारमुळे. नाही तर मला काही अडचण नव्हती.

एम.एस. झालं आणि तेलाचे भाव पडले. ह्यूस्टनमध्ये रोज कोणाची तरी नोकरी जात होती. माझ्यासारखीला नवी कोण देणार? व्हिसाची मुदत संपायच्या आत नोकरी मिळाली नाही तर अकोल्याला परत, आणि परत म्हणजे वडिलांनी लाद्या ओढत राहायचं. धाकट्या दोघांची शिक्षणं, आईचं दुखणं, सगळं माझ्याकडे डोळे लावून बसलेलं. खूप अर्ज केले. शेवटी समुद्राकडच्या एका रासायनिक कारखान्यातून बोलावणं आलं.

तिकडे बस जात नव्हती. काकू आपली छोटी गाडी घेऊन ह्यूस्टनला कामाला जायच्या, त्यांना रजा मिळेना. सरांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "मी नेणार. आपल्या घरची मुलगी आहे." 'सारखी' त्या दिवशी गळून पडलं होतं. मला बरं वाटलं, हेही खरं.

जूनमधली दुपार. वाटेत एक गॅस स्टेशन लागलं तिथे सरांनी गाडी वळवली. तिकडे जाताना ते नेहमी तिथेच चहा प्यायचे. मी म्हटलं, "सर, येताना थांबू या का?" ते म्हणाले, "इंटरव्ह्यूला जाताना माणसानं शांत असावं." आणि चावी काढून खिशात टाकली.

टक.

पंचा निघाला, बाटली निघाली, बॉनेट उघडलं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून माझा एकुलता एक चांगला पोशाख घामानं भिजताना बघत होते. "सर, उशीर होतोय." "घाई केली की हिचं पित्त आणखी खवळतं." पंचा वाळला, गाडी चालू झाली, आम्ही कारखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तिथल्या लोकांनी दुसऱ्याला घेऊन टाकलं होतं. परत येताना सर म्हणाले, "बरं झालं. असले कारखाने टिकत नाहीत. नशिबानं वाचलीस."

त्या रात्री काकूंनी माझ्या पानात न विचारता जास्तीची पोळी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून मी गाव-लायब्ररीतून गाडीदुरुस्तीची पुस्तकं आणायला लागले. त्यात चाचणी दिली होती, अगदी बाळबोध. हेडलाइट लावायचे आणि चावी फिरवायची. दिवे मंदावले तर मोटर वीज खातेय पण फिरत नाहीये. दिवे तसेच लख्ख राहिले तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. पुढच्या वेळी किराणा दुकानातून निघताना, सर गाडीत बसायच्या आधीच मी पुढच्या सीटवरच्या मुलीला हळूच सांगितलं, "दिवे लाव." सर चावी फिरवत होते, समोर दुकानाच्या काचेत दिव्यांचं प्रतिबिंब होतं. टक. दिवे जराही हलले नाहीत.

आता कळलं. स्टार्टरच्या डोक्यावर एक डबी असते, मुठीएवढी. ती वीज आत सोडते. सोलेनॉइड म्हणतात तिला. या गाडीत ती धुराच्या तापलेल्या नळीला जवळजवळ चिकटून होती. गाडी धावत असताना वारा लागतो. बंद केली की सगळा ताप तिच्यात मुरतो आणि ती दम तोडते. अर्धा तास थांबलं की निवते आणि चालते. पंचा ठेवा, नका ठेवू, नळीवर मोगऱ्याचा गजरा ठेवा, अर्धा तास थांबलं की गाडी चालू होणारच.

सरांचा पंचा कधीच काही करत नव्हता. चहा करत होता.

मी जेवताना सगळं नीट सांगितलं, दिव्यांसकट. सर ऐकत होते. आमटीचा घोट घेतला. म्हणाले, "पण पंच्यानं चालू होते ना?"

"थांबल्यानं होते, सर."

"दर वेळी होते ना?"

"हो, पण..."

"झालं तर मग."

"एकदा पंचा न ठेवता थांबून बघू या का?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. "पंचा न ठेवता? म्हणजे ती आजारी असताना काहीच करायचं नाही? हे तुमच्याकडे चालत असेल."

'तुमच्याकडे' म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. मुलगी म्हणाली, "डॅड, दॅट्स रूड." काकू उठून भात आणायला गेल्या, भात टेबलावरच होता.

ऑफिसात त्यांचं काय चाललं होतं ते मला पुढे काकूंकडून कळलं. त्यांच्या नावाचं तिथे एकच अक्षर उरलं होतं. त्यांच्या निम्म्या वयाचा साहेब त्या एका अक्षरानं हाक मारायचा आणि बैठकीत त्यांचं बोलणं अर्ध्यात तोडायचा. म्हणून घरी काका आणि सर. हे कळल्यावर मला त्यांची कीव आली असं लिहिलं तर छान दिसेल. पण खरं म्हणजे राग आला. वरून आलेलं सगळं माणूस खालीच का देतो?

ऑगस्टमध्ये दुसरं बोलावणं आलं. त्याच बाजूला, दुसरा कारखाना. आता मुदत जवळजवळ संपलेली. या खेपेला नाही म्हणजे विमान. काकूंना पुन्हा रजा नाही, आणि सर पुन्हा म्हणाले, "मी नेणार." नको म्हटलं असतं तर त्या घरात राहता आलं नसतं. मी एवढंच म्हटलं, "सर, वाटेत गाडी बंद करू नका. हात जोडते."

"बरं, बरं."

ते गॅस स्टेशन आलं आणि गाडी आपोआप वळावी तशी वळली. "दोनच घोट," ते म्हणाले. सवयीपुढे त्यांचाही इलाज नसावा. चावी फिरली, इंजिन थांबलं.

टक.

ते पंचा घेऊन उतरले. मी त्यांच्याकडे न बघता दुकानात गेले. दाराशीच लोखंडी पेटीत बर्फाच्या पिशव्या होत्या, पार्टीसाठी लोक नेतात तशा. एक घेतली. कचऱ्याजवळचा पुठ्ठ्याचा खोका फाडून गाडीखाली अंथरला आणि इंटरव्ह्यूच्या कोटासकट आडवी झाले.

"अगं, अगं! हे काय चालवलंयस?"

"बर्फ लावतेय, सर."

"कशाला? पंपाला पंचा लावलाय मी!"

वर ते पंचा पिळत होते, त्याचं पाणी इंजिनावरून ओघळून माझ्या मानेवर पडत होतं. मी पिशवी त्या डबीवर दाबून धरली. चर्र आवाज झाला. तळहात बधिर झाला, मग बोटं. वडिलांची बोटं आठवली, ते सांगत नाही, ते तुम्हाला कळलंच असेल. बोटांना काही जाणवेनासं झालं तेव्हा बाहेर आले.

"सर, चावी फिरवा."

"पंचा अजून ओला आहे."

"म्हणूनच फिरवा."

"पंचा वाळल्याशिवाय नाही. नियम म्हणजे नियम."

चावी गाडीलाच होती. मी जाऊन ड्रायव्हरच्या जागी बसले. शिकाऊ परवाना माझ्याकडे होता. गाडी मात्र त्यांनी मला कधी चालवू दिली नव्हती. आधी हिची प्रकृती समजून घे, म्हणायचे. चावी फिरवली.

चालू. पहिल्या झटक्यात.

सर बॉनेटवर हात ठेवून उभे होते. इंजिनाची थरथर त्यांच्या हाताला जाणवली असणार. त्यांनी बॉनेट लावलं, पंचा आत तसाच ठेवून, आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "बघितलंस? ओला असतानाच काम केलं. आज नीट पिळला होता मी."

माझा हात अजून चावीवर होता. इंजिन बंद करायचं, ताप मुरू द्यायचा, पंचा काढून फक्त बर्फ लावून दाखवायचं. मग काढलेला पंचा त्यांच्या हातात द्यायचा. एवढं केलं असतं तर कायमचा निकाल लागला असता. हात तसाच थोडा वेळ राहिला. मला ते करायचं होतं, फार करायचं होतं. पण मला सिद्ध करायचं नव्हतं, पोचायचं होतं.

"बसा सर," मी म्हटलं. "त्या बाजूनं."

ते बसले. कारखान्यापर्यंत मला लेन सांगत होते.

मुलाखत घेणारा म्हातारा टेक्सन होता. माझ्या बाहीवरचं ग्रीस बघून म्हणाला, "यू फॉट अ बेअर, मॅम?" मी जे झालं ते सांगितलं, पंच्यासकट. तो खुर्चीत पुढे सरकला. फडक्यानं गाडी चालू झाली नाही हे कशावरून, असं त्यानं विचारलं. मी दिव्यांचं सांगितलं. दिवे मंदावले नव्हते, म्हणजे अडचण पेट्रोलच्या आधीची होती. त्यावर तो कितीतरी वेळ हसला आणि मग पुढचे प्रश्न यंत्रांचेच विचारले. सरांना जे मी दोन महिने सांगू शकले नव्हते ते एका परक्या माणसाला दोन वाक्यांत पटलं. त्या आनंदाची चव मात्र कडूच होती.

नोकरी लागली. घर सोडताना सर म्हणाले, "आता काका म्हण गं. घरचीच तू."

"असू दे सर," मी म्हटलं. "सवय झालीय."

काकूंना मी एका कागदाच्या तुकड्यावर त्या डबीचं नाव लिहून दिलं. पुढच्या वर्षी सरांची नोकरी गेली. ते महिनाभर पुण्याला गेले होते तेव्हा काकूंनी गुपचूप गाडी गराजवाल्याकडे नेली आणि डबी बदलून घेतली. त्यानंतर ती वॅगन कुठल्याही उन्हात, कुठेही अडली नाही. आणि सर? ते परत आले आणि पूर्वीसारखेच थांबायचे, पंचा भिजवायचे, गुंडाळायचे, वाळेपर्यंत बसायचे. आता चावी फिरवून बघायच्या आधीच. "हिला सवय झालीय आता पंच्याची," असं लोकांना सांगायचे. "तेव्हापासून एकदासुद्धा रुसली नाही."

मी काकूंना विचारलं, "तुम्ही सांगत का नाही?"

त्या भाजी निवडत होत्या. "राहू दे गं. त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय."

मंडळाच्या गणपतीत मला एकदा नारळ आणि शाल दिली, आपली यशस्वी मुलगी म्हणून. सरांनी माईक मागून घेतला. इंटरव्ह्यूच्या दिवशी रस्त्यात गाडी कशी अडली आणि काकांच्या पंच्यानं हिची नोकरी कशी वाचवली, ते त्यांनी रंगवून सांगितलं. बर्फाचं नाव नाही. लोक टाळ्या वाजवत होते. मुलगी माझ्याकडे बघून डोळे फिरवत होती. काकू खाली बघत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

मी गप्प बसले. त्यांच्यासाठी नाही, काकूंसाठी. माझ्या नोकरीवर त्या माणसाचा ओला पंचा अजून पसरलेला आहे आणि तिथल्या मराठी मंडळींत तो तसाच राहील.

पण नोकरी माझी होती. त्याच कारखान्यात मी पुढे विजेच्या विभागाची मुख्य झाले. धाकटे दोघं शिकले. आणि ज्या वर्षी माझा पहिला पगार अकोल्याला पोचला, त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी, मालकानं कमी करायच्या आधी, वडील स्वतः कारखान्यात जाऊन लाद्या ओढायचा आकडा परत करून आले.